आई बोलेनाशी झाली ते वर्ष

माझी आई सकाळी टेनिस शिकवायची आणि दुपारी लोकांचं ऐकायची. समुपदेशक हा शब्द तिला जड वाटायचा. कोणी विचारलंच तर "मी ऐकायचं काम करते" एवढंच सांगायची. ती गेल्यावर घरी भेटायला आलेले बरेच जण म्हणाले, दोन्ही कामं एकच की, माणूस घडवायची. मी मान हलवली, पण मला ते कधी पटलं नाही. कोर्टवरची आई आणि घरातल्या पुढच्या खोलीत लोकांसमोर बसलेली आई या दोन वेगळ्या बायका होत्या. कोर्टवरची ओरडायची. "पाय कुठी आहेत तुझे? घरी ठेवून आली का?" हा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. पुढच्या खोलीतली इतकं कमी बोलायची, की आत कोणी आहे की नाही तेही कळू नये. आणि उरलेल्या वेळात या दोघींपैकी कोणीच नसायचं. उरलेल्या वेळात एक दमलेली बाई असायची, जिला वरणाला फोडणी देताना कोणी प्रश्न विचारलेला खपायचा नाही.

ती एका कारखान्याच्या कॉलनीत वाढली. आजोबा तिथे टाइमकीपर होते. कॉलनीतल्या साहेब लोकांच्या क्लबात टेनिसचं कोर्ट होतं, आणि चौथा भिडू कमी पडला की तिला हाक मारायचे. सलवार-कमीज घालून, कोणाची तरी जुनी जड रॅकेट घेऊन ती खेळायची. काही वर्षांनी साहेब लोक तिला बोलावणं टाळायला लागले, कारण ती जिंकायला लागली होती. हे सांगताना ती दर वेळी हसायची. पुढे विद्यापीठाच्या संघात खेळली, चंद्रपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली, वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्या माझ्या बाबांशी तिचं लग्न झालं, आणि मी शाळेत जायला लागल्यावर तिनं गावातल्या एका जुन्या कोर्टवर मुलांना शिकवायला सुरुवात केली.

कोर्ट मुरुमाचं होतं. रोज पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि रोज त्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी येऊन बसायची. मुलांचे पांढरे मोजे बघता बघता राखाडी व्हायचे. मे महिन्यात ऊन तापायच्या आत सगळं आटपायचं, कारण नंतर रॅकेटची मूठसुद्धा हातात धरवत नसे. मीही तिच्याकडे शिकले, पण माझ्यात ते नव्हतं, हे तिलाही लवकर कळलं आणि मलाही. ती मला त्याबद्दल कधी टोचून बोलली नाही. एक दिवस नुसतं म्हणाली, "तुले आवडून नाही राह्यलं तर सोड बेटा. मी काही रागावणार नाही." मी सोडलं.

लोकांचं ऐकायचं काम तिच्याकडे कोर्टवरूनच आलं. खेळ संपल्यावर मुली कडेला बसून तिला काहीबाही सांगायच्या. घरचं, शाळेतलं, कोणाला सांगू नका म्हणून. आई ऐकायची आणि घरी येऊन अस्वस्थ व्हायची, कारण त्यांना काय उत्तर द्यायचं ते तिला कळायचं नाही. चाळिशी उलटल्यावर तिनं मानसशास्त्राचं एम. ए. केलं, मग शनिवार-रविवार नागपूरला जाऊन एका मोठ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे शिकली. त्या बाईंना ती "माझ्या बाई" म्हणायची. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता, आणि तो तिनं मलाही सांगितला होता. ज्याला आपण आधीपासून ओळखतो, ज्याला शिकवलं, ज्याच्या घरी जेवलो, त्याच्यावर आपण उपचार करायचे नाहीत. त्याला दुसऱ्याकडे पाठवायचं. माया असली की कान नीट ऐकत नाहीत, असं बाईंचं म्हणणं होतं.

नंतरची काही वर्षं ती एका छोट्या संस्थेबरोबर गावोगाव जायची. वाघानं माणूस मारलेल्या घरांतून जाऊन बसायचं, असं ते काम होतं. सरकारी मदत मिळायची ती मिळायची, पण घरातली माणसं त्यानंतर कशी झोपतात, हे विचारायला कोणी येत नव्हतं. ती एसटीनं मूलला जायची, गोंडपिपरीला जायची, कधी आष्टीचा पूल ओलांडून पार मुलचेऱ्यापर्यंत. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्यावर सुरू झाल्यावर ती घरी यायची ती पदरापासून भुवयांपर्यंत लाल होऊन. बाबा म्हणायचे, "सकाळी काळी, संध्याकाळी लाल." ती त्यांच्याकडे न बघता नळाखाली तोंड धुवायची.

गोंडपिपरीकडच्या एका गावात मी तिच्यासोबत एकदाच गेले होते. कॉलेजला सुट्टी होती. तिथे एका बाईचा नवरा सकाळी तलावावर जाळं काढायला गेला आणि वाघानं त्याला पाळीवरच धरलं. तलावाच्या काठच्या बांधाला तिकडे पाळ म्हणतात. तेव्हापासून ती बाई तलावाकडे गेली नव्हती. मासोळी शिजवणं बंद, आणि मुलीची शाळाही बंद, कारण शाळेची वाट पाळीवरून जात होती. आई तिच्या घरापुढच्या छपरीत बसली. संस्थेच्या माणसानं तिला विचारलं, मग मीही आईशेजारी बसले. बाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. आईनंही मूठभर डाळ आपल्यापुढे ओढली आणि खडे वेचायला लागली. अर्धं सूप निवडून झालं. मला अवघडून आलं.

मग बाईच म्हणाली, "म्याडम, तुमी काऊन येता? तुमी आल्यानं तो वापस येनार हाये का?"

"नाई येणार," आई म्हणाली.

"मंग?"

"मंग काही नाई. तुम्ही एकट्या बसता. मी बी बसते."

आम्ही निघालो तेव्हा बाईनं आईच्या पिशवीत दोन वांगी टाकली. आई त्या गावात जात राहिली. दोघी मिळून तलावाच्या दिशेनं चालायच्या, दर वेळी थोडं पुढे. एकदा पाळ दिसली तशी बाईला उलटी झाली, आणि आईनं तिचं कपाळ धरलं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बाई गावातल्या इतर बायांबरोबर जाळं घेऊन पाण्यात उतरायला लागली होती, मुलगी शाळेत जात होती. भीती गेली नव्हती. आई म्हणायची, भीती जात नाही, ती सोबत घेऊन चालता आलं तरी खूप झालं.

हे सगळं चांगलं चाललं होतं तेव्हाच ते घडलं.

आईच्या हाताखाली लहानपणापासून तयार झालेली एक मुलगी होती. कोर्टवरची तिची सगळ्यात आवडती, हे लपवायचा आईनं कधी प्रयत्नही केला नाही. उंच, काटक, डावखुरी. तिची आई दर संक्रांतीला माझ्या आईला हळदीकुंकवाला बोलवायची. दहावीनंतर तिच्या वडलांनी तिचं टेनिस बंद केलं आणि तिला मेडिकलच्या परीक्षेला बसवलं. एकदा नंबर लागला नाही, म्हणून परत बसवलं. परत लागला नाही. दसऱ्याच्या आधी एका दुपारी ती आमच्या घरी आली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, त्यामुळे हे सगळं मला पुढे आईनं सांगितलं तेवढंच माहीत आहे.

ती म्हणाली, "मॅडम, मला झोप येत नाही. मला तुमच्याकडे यायचं आहे. त्या खोलीत बसायला."

आईनं तिला जवळ बसवलं आणि नियम सांगितला. "मी तुझी कोच आहे बेटा. तुझी आई माझी मैत्रीण आहे. मी तुझं नीट ऐकू शकणार नाही. नागपूरला माझ्या बाई आहेत, त्या माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगल्या आहेत. मी आत्ता फोन करते."

"मला तुमच्याशीच बोलायचं होतं."

"माहीत आहे. म्हणूनच मी नको."

आईनं तिच्यासमोर फोन केला, वेळ घेतली, घरी काय सांगायचं तेही दोघींनी मिळून ठरवलं. मुलगी नागपूरला गेली, एकदा. दुसऱ्या वेळी गेली नाही. आईनं फोन केला तेव्हा म्हणाली, "बरी आहे मॅडम, आता अभ्यास सुरू केलाय." आईनं आणखी एकदा केला. तोही उचलला, तेच सांगितलं. दिवाळीनंतर तिनं जीव दिला. कसा, ते मला लिहायचं नाही.

तिचे वडील काही दिवसांनी आमच्या घरी आले. मी तेव्हा घरी आले होते, म्हणून हे मी पाहिलं आहे. ते बसले नाहीत. दारात चपला न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "ती तुमच्याकडे आली होती म्हणे. काय म्हणाली?"

आईला काहीतरी गुळमुळीत सांगता आलं असतं. बाबांनी तिच्याकडे तशा नजरेनं बघितलंही. ती म्हणाली, "झोप येत नाही म्हणाली. माझ्याशी बोलायचं होतं तिला. मी तिला माझ्या बाईंकडे पाठवलं."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

ते जायला वळले. मग म्हणाले, "तिनं आयुष्यात तुमच्याशिवाय कोणाचं ऐकलं नव्हतं, मॅडम. माझंही नाही." आणि गेले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर आईला सोपं गेलं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर आईचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग कुजबुज उरली, मग तीही नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घशात काही नाही. आईनं ते ऐकलं, मान डोलावली आणि बाहेर येऊन गाडीत बसली. तिला घशात काही नाही हे आमच्या आधी माहीत होतं. तिच्याकडे येणाऱ्यांना तिनं मोबाइलवर संदेश पाठवून दुसऱ्यांची नावं दिली. कोर्टवर जाणं थांबलं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक तिची आणि एक येणाऱ्याची. ती येणाऱ्याच्या खुर्चीत बसून राहायची, दार उघडं टाकून, खिडकीकडे बघत.

मी ऑफिसला विचारून घरूनच काम करायला लागले. बाबांना काय करावं ते सुचत नव्हतं. ते रोज बाजारातून तिच्यासाठी संत्री आणायचे, सोलून, शिरा काढून वाटीत ठेवायचे आणि वाटी तशीच परत उचलायचे. एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाले, "इतक्या लोकांना हिनं बरं केलं, हिला स्वतःला कसं कळत नाही?" मला त्यांचा राग आला, पण प्रश्न माझाही तोच होता. मी नागपूरच्या बाईंना फोन केला. त्या स्वतःच हादरलेल्या होत्या, मुलगी त्यांच्याकडेही आलीच होती. त्या म्हणाल्या, तिला इकडे घेऊन ये, औषधाची गरज लागेल. मी आईला सांगितलं. तिनं मान नकारार्थी हलवली. मी चिडून म्हणाले, "तू दुसऱ्याला हेच सांगितलं असतंस ना?" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यानंतर मी तो विषय काढला नाही.

जेवायची, पण सांगितल्यावर. आंघोळ करायची, पण सांगितल्यावर. केसांना तेल मी लावायचे. मला भीती वाटायची ती रात्रीची नव्हे, दुपारची. बाबा कामावर, मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, आणि आतून काही आवाज नाही. मी मीटिंग सोडून उठायचे आणि दारातून डोकावायचे. ती तिथेच असायची.

जानेवारीत एका सकाळी फाटक वाजलं. गोंडपिपरीकडची ती बाई उभी होती. संस्थेच्या माणसाला विचारून, पहिली एसटी धरून आली होती. हातात वायरची पिशवी, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मरळ.

"म्याडम येऊन नाई राह्यल्या," ती मला म्हणाली. "बिमार हायेत काय?"

"बोलत नाहीत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, जणू आईला सर्दी झालीय असं मी सांगितलं होतं, आणि थेट मागच्या अंगणात गेली. जाताना पुढच्या खोलीत आईला तिनं पाहिलं, हात जोडले, पण विचारलं काही नाही. अंगणात बसून मासोळी काढली आणि मला म्हणाली, "राख हाये का वं बाई?" मरळ बुळबुळीत असते, राखेशिवाय हातात टिकत नाही. आमच्याकडे चूल नाही, राख कुठली. मी आत बघत होते, तेवढ्यात आई खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि जाड्या मिठाचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. मग तिथेच पायरीवर बसली. कोणी न सांगता तिनं केलेलं कित्येक आठवड्यांतलं ते पहिलं काम होतं. मी काहीच न पाहिल्यासारखं केलं.

बाई जेवून दुपारच्या एसटीनं गेली. पुन्हा आली, बाजारासाठी चंद्रपूरला आले म्हणून. मग पुन्हा. ती बोलायची ते इकडचं तिकडचं. मुलीला सायकल मिळाली, यंदा तलावात शिंगाडा चांगला आला, शेजारणीची म्हैस व्याली. आई पायरीवर बसून ऐकायची. अशाच एका दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाई झिंगे निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली,

"म्याडम, तुमाले मी एक गोष्ट सांगतली नोती. त्या दिवशी त्याले जाचं नोतं. आंग दुखते म्हने. मीच म्हनलं, जा नं, पोरीले मच्छी खाची हाये. मी पाठवलं त्याले."

माझ्या हातात ओली चादर तशीच राहिली. आईनं वर बघितलं. आणि तिच्या घशातून, खरबरीत, अडखळत, शब्द आले. "इतके दिवस मी येत होती. तुम्ही हे सांगितलं नाही."

"सांगतलं असतं तं तुमी म्हनलं असतं, तुमची चूक नाई. मले ते आयकाचं नोतं."

आईनं तोंड उघडलं. मला स्पष्ट दिसलं की ती नेमकं तेच म्हणणार होती. मग तिनं तोंड मिटलं. तिनंही एक झिंगा निवडायला घेतला आणि म्हणाली, "मी एका पोरीला नाही म्हटलं." आणि तिनं सगळं सांगितलं. मध्ये आवाज जायचा, मग ती पाणी प्यायची आणि पुढे सांगायची. बाईचे हात थांबले होते. शेवटी ती एवढंच बोलली, "बहुत वाईट झालं, म्याडम. बहुत वाईट झालं." आई रडली. आवाज करून, लहान मुलीसारखी. मी तिला तसं कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले.

त्या दिवसानं सगळं ठीक झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आई नागपूरला जायला तयार झाली एवढं झालं. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीनं तिचे हात थरथरायला लागले, दुसरी मानवायला वेळ लागला. काही दिवस ती बोलायची, काही दिवस पुन्हा मिटायची. नागपूरच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसायचो, आणि ती मला त्या मुलीबद्दल सांगायची, पुन्हा पुन्हा, लहानपणापासूनचं. घरी तिनं तो विषय कधी काढला नाही. बसमध्येच.

एकदा मी विचारलं, "नियम चुकीचा होता असं वाटतं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "तोच तर त्रास आहे. नियम बरोबर होता."

उन्हाळा संपता संपता ती कोर्टवर गेली. ओरडणं पूर्वीसारखं राहिलं नाही, आवाज तेवढा चढायचाच नाही. पुढच्या खोलीत लोक यायला लागले, आधी कमी, मग बरेच. मी पुण्याला परतले, पण दर महिन्याला यायचे. मग एका वर्षी तिच्याकडे शिकणाऱ्या दुसऱ्या एका मुलीनं तिला तेच विचारलं. मॅडम, मला तुमच्याकडे यायचं आहे. बाबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी आईला फोन लावला.

"काय सांगितलंस तिला?"

"नाही म्हटलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि म्हटलं, चल, आपण दोघी जाऊ. मी दाराबाहेर बसते."

आणि ती गेली. एकदा नव्हे, त्या मुलीला गरज होती तोवर दर वेळी. पहाटेची एसटी, नागपूरला बाईंच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं, परतीची एसटी. आत काय बोलणं झालं ते तिनं कधी विचारलं नाही. बसमध्ये दोघी भुईमुगाच्या शेंगा खायच्या आणि टेनिसबद्दल बोलायच्या. बाबा म्हणायचे, या वयात इतका प्रवास झेपत नाही तुला. तिला झेपत नव्हताच. पाय सुजायचे. ती मुलगी आता नोकरी करते. पण त्या पहिल्या मुलीच्या बदल्यात ही वाचली, असा हिशेब आईनं कधी मांडला नाही, आणि कोणी मांडला तर ती उठून जायची.

पहिल्या मुलीचे वडील तिला बाजारात दिसायचे. ते वळून दुसऱ्या गल्लीत जायचे. ती थांबून त्यांना जाऊ द्यायची.

आई गेली ती हिवाळ्यात, अचानक. सकाळी कोर्टवरून आली, आंघोळ केली, केस पुसता पुसता खाली बसली. बाबांनी हाक मारेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

तेरवीपर्यंत लोक येत राहिले. कोर्टवरची मुलं, त्यांचे आईबाप, शाळेतल्या शिक्षिका. गोंडपिपरीची बाई मुलीला घेऊन आली आणि चार दिवस राहून स्वयंपाक बघत होती. आणि अशीही माणसं आली ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो. एक पोलीस आला, एक कॉलेजातली मुलगी, एक म्हातारे गृहस्थ. ते म्हणायचे, "मॅडमना ओळखत होतो." कसे, ते सांगायचे नाहीत. आम्हीही विचारायचो नाही. थोडा वेळ बसायचे, पाणी प्यायचे आणि जायचे.

नवव्या दिवशी दुपारी एक बाई एकटीच आली. मी तिला लगेच ओळखलं. जबडा, खांदे, सगळं त्या पहिल्या मुलीचंच होतं. इतक्या वर्षांत ती आमच्याकडे आली नव्हती. बाबा उठून आत गेले. ती माझ्यासमोर बसली. बराच वेळ फोटोकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आमच्या यांना माहीत नाही मी आले ते."

मी मान हलवली.

"एक विचारायचं होतं. त्यांनाच विचारणार होते, पण हिंमत झाली नाही. आता राहून गेलं." तिनं पदर सारखा केला. "ती शेवटी इथे आली होती ना, दसऱ्याच्या आधी. तुमच्या आईनं तुम्हाला कधी सांगितलं का, कशी दिसत होती? काय घातलं होतं? घरी असताना मी बघितलंच नाही हो तिच्याकडे. ती खोलीत, मी कामात."

आईनं मला सांगितलं होतं. नागपूरच्या बसमध्ये, कितीदा तरी. मी आठवून आठवून सांगायला लागले. पिवळा कुर्ता होता. केस कानापर्यंत कापले होते आणि मानेवर सारखा हात फिरवत होती, अजून सवय नव्हती. पाणी मागितलं नाही, लहानपणी यायची तशी सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातलं घेतलं, डबा उघडून चिवडा खाल्ला. डोळे सुजलेले होते. पण जाताना हसली.

"हसली?"

"हो. म्हणाली, आईनं आज कढीगोळे केलेत. उशीर झाला तर बाबा संपवतील."

तिनं तोंडावर हात धरला. "केले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी केले होते मी. खाल्ले तिनं. दोनदा वाढून घेतले."

मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

"अजून?" तिनं विचारलं.

मी खूप आठवून बघितलं. फाटकाला कडी लावून गेली, एवढंच उरलं होतं, तेही मी सांगितलं. मग माझ्याकडचं संपलं. ती उठली नाही. मीही उठले नाही. आतून बाबांनी चहा पाठवला, तो निवला. ऊन अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर गेलं तेव्हा ती म्हणाली, "आता निघायला पाहिजे," आणि तरीही थोडा वेळ बसली.